मुंबईची गोळी आणि आफ्रिकेतले खाणकामगार

आजची गोष्ट दक्षिण आफ्रिकेतली आहे, पण तिचं एक टोक आपल्या मुंबईत आहे.

तिथल्या सोन्याच्या खाणींत लेसोथो, मोझांबिक अशा शेजारच्या देशांतले गडी कामाला जायचे. गडी खाणीच्या वसाहतीत, बायको-पोरं गावी. आपल्याकडची कोकणातली, घाटावरची माणसं गिरणीत जायची, तसंच. १९९० नंतर तिथं एड्स झपाट्यानं पसरला. गडी आजारी होऊन घरी यायचा, आणि त्याची सेवा करणाऱ्या बायकोलाही बऱ्याचदा लागण झालेली असायची.

१९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र देण्याचा उपचार आला. माणसं जगू लागली, पण पैसेवाल्या देशांतली. खर्च वर्षाला १० ते १५ हजार डॉलर, म्हणजे तेव्हाचे काही लाख रुपये. कारण पेटंट.

पेटंट म्हणजे काय, ते असं समजा. एका गटानं नवा पापड काढला आणि सरकारनं लिहून दिलं की २० वर्षं तो दुसऱ्या कुणी करायचा नाही. मग भाव तोच गट ठरवणार. आपल्या देशानं १९७० च्या कायद्यात वेगळी वाट धरली. औषध बनवायच्या रीतीवर हक्क मिळेल, खुद्द औषधावर नाही. दुसरी रीत शोधा आणि खुशाल बनवा. म्हणून मुंबईच्या सिप्ला कंपनीला ही औषधं बनवता आली. फेब्रुवारी २००१ मध्ये तिचे प्रमुख युसुफ हमीद यांनी सेवाभावी डॉक्टरांच्या एका संस्थेला भाव सांगितला: वर्षाला ३५० डॉलर. दिवसाला एक डॉलरही नाही!

स्वस्त औषध बाहेरून आणता यावं म्हणून मंडेलांच्या सरकारनं १९९७ मध्ये कायदा केला होता. त्याविरुद्ध औषध कंपन्या कोर्टात गेल्या होत्या, एकूण ३९. मार्च २००१ मध्ये प्रिटोरियात सुनावणी सुरू झाली, तेव्हा रुग्ण आणि कामगार संघटनांची माणसं रस्त्यावर उतरली. जगभर छी-थू झाली आणि १९ एप्रिलला कंपन्यांनी खटला मागे घेतला.

भाव उतरले. ऑगस्ट २००२ मध्ये अँग्लो अमेरिकन या मोठ्या खाण कंपनीनं आपल्या कामगारांना ही औषधं फुकट द्यायचं जाहीर केलं. मला विचाराल तर त्यात दयेपेक्षा हिशेब जास्त होता. शिकलेला हात मेला की नवा तयार करायला पैसा लागतो. सुरुवातीला ही सोय फक्त कामगारापुरती होती. गावाकडची बायको त्यात नव्हती. नवऱ्याला खाणीत गोळी, आणि तिनं सरकारी दवाखान्याची वाट बघायची. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी दवाखान्यांत ही औषधं मिळू लागली ती २००४ पासून.

२००५ मध्ये जागतिक व्यापार कराराप्रमाणे आपला कायदा बदलला. आता खुद्द औषधावरही पेटंट मिळतं. या जुन्या गोळ्या आपल्याकडे आधीपासून बनत होत्या, त्या चालू राहिल्या. नंतर आलेल्या औषधांसाठी मात्र एकेका पेटंटवर हरकत घेऊन भांडावं लागतं.