अक्षर बारीक होतं तेव्हा

यांच्या अक्षराचं आमच्या घराला कौतुक. बेळगावातल्या आमच्या कापडदुकानाची उधारीची वही म्हणजे छापील पोथीच वाटायची. तीन वर्षांपूर्वी मी ती सहज उघडली, तर प्रत्येक ओळ सुरुवातीला नेहमीसारखी आणि उजवीकडे जाता जाता मुंगीएवढी झालेली. ‘चष्म्याचा नंबर बदला,’ मी म्हटलं. नंबर बदलला, पण अक्षर काही मोठं झालं नाही. पुढे हात मांडीवर नुसता ठेवला तरी अंगठा हलू लागला, णमोकाराची माळ ओढावी तसा. डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला. आपण ज्याला कंपवात म्हणतो तो.

औषध सुरू झालं आणि घरात वाद सुरू झाला. मुलगा म्हणे, ‘अण्णा, आता घरी बसा.’ धाकटे दीर म्हणत, ‘काम सुटलं की माणूस खचतो.’ हे गप्प. आणि मी? धाकटीसाठी स्थळं बघत होतो, म्हणून मी सगळ्यांना बजावलं होतं, बाहेर कुणाला सांगायचं नाही. गिऱ्हाइकांनी विचारलं तर मी म्हणायची, ‘जरा थकवा आहे त्यांना.’

बी.ए.ला माझा इतिहास होता. आपल्याला पडलेला प्रश्न आधी कुणाला पडला होता का, हे बघायची तेव्हापासूनची सवय. म्हणून मी वाचत गेले.

ज्यांचं नाव या आजाराला मिळालं ते जेम्स पार्किन्सन लंडनच्या हॉक्स्टन भागातले डॉक्टर. 1817 साली त्यांनी या कंपावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात रुग्ण अवघे सहा, त्यातले काही तर त्यांना रस्त्यात भेटलेले. पहिला रुग्ण पन्नाशी ओलांडलेला माळी होता. म्हणजे या आजाराची पहिली नोंदच एका कष्टकऱ्याच्या हाताची आहे.

त्याच काळात जर्मनीत विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट होते. बर्लिनचं विद्यापीठ 1810 मध्ये उभं राहिलं ते त्यांच्या पुढाकाराने. सरकारी कामातून 1819 मध्ये बाहेर पडल्यावर ते भाषांच्या अभ्यासात बुडाले. संस्कृत शिकले, भगवद्गीतेवर बर्लिनच्या अकादमीत निबंध वाचले. 1829 मध्ये पत्नी गेली आणि हाताचा कंप, वाकलेली पाठ, लहान लहान होत जाणारं अक्षर हे सगळं वाढत गेलं. आपल्याला आजार आहे असं त्यांना वाटतच नव्हतं, लवकर आलेलं म्हातारपण समजत होते. पण पत्रांतून ते आपल्या हाताचं वर्णन इतक्या बारकाईने करत की आजचे डॉक्टर त्यावरून निदान करतात. त्यांनी लेखणी हळूहळू खाली ठेवली, अभ्यास मात्र ठेवला नाही. ते मजकूर सांगत आणि लेखनिक उतरून घेई. जावा बेटावरच्या जुन्या कवी भाषेवरचा त्यांचा मोठा ग्रंथ 1835 मध्ये ते वारल्यानंतर छापून निघाला.

मला नवल वाटलं. ‘काम’ म्हणून आपण एकच गाठोडं समजतो. त्यांनी ते सोडून पाहिलं, तर आत दोन वस्तू होत्या, हात आणि डोकं. एक वस्तू त्यांनी दुसऱ्याकडे दिली.

त्यानंतरची बाई आपल्या ओळखीची आहे. चरख्यामागे बसून वाचणाऱ्या गांधीजींचा 1946 सालचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो काढणारी मार्गारेट बर्क-व्हाइट, अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकाची छायाचित्रकार. आधी सूत कातायला शिक, मग फोटो काढ, असं तिला सांगितलं होतं म्हणे, आणि ती शिकलीसुद्धा. युद्धात विमानातून फोटो काढलेली ही बाई. पन्नाशीच्या सुमाराला तिचं अंग जड पडू लागलं, बोटं कॅमेऱ्याला दाद देईनात. बरीच वर्षं तिने हे सहकाऱ्यांपासून लपवलं. 1959 मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ‘लाइफ’नेच तिच्या आजाराची सचित्र हकीकत छापली. पुढे आणखी एक शस्त्रक्रिया झाली. कॅमेरा सुटला, पण 1963 मध्ये तिचं आत्मचरित्र आलं. 1971 मध्ये ती गेली.

तोवर औषधानेही वळण घेतलं होतं. मेंदूत डोपामिन नावाचं द्रव्य कमी पडतं, म्हणून त्याचा कच्चा माल, लेव्होडोपा, पोटातून द्यायचा. 1967 च्या सुमाराला त्याचा मोठ्या मात्रेत चांगला गुण दिसला. यांच्या गोळ्यांतही तेच आहे. गोळीने हात पुन्हा चालतो, पण काही तासांपुरता. त्यामुळे लपवणं सोपं झालं, एवढंच!

अभिनेता मायकेल जे. फॉक्स याला 1991 मध्ये आजार कळला, तिशीही उलटली नव्हती. गोळ्यांच्या वेळा जुळवून तो कॅमेऱ्यासमोर थरथर झाकत राहिला, सात वर्षं. 1998 मध्ये जगाला सांगितलं आणि 2000 मध्ये मालिका सोडली. पुढे छोट्या भूमिका केल्या, थरथर न झाकता. 2020 मध्ये पुन्हा थांबला, कारण आता संवाद पाठ राहीनात. पहिल्यांदा थांबला ते वेगळ्या कारणाने, दुसऱ्यांदा थांबला ते वेगळ्या.

हे वाचून माझाच चेहरा उतरला. लपवाछपवी चालू आहे तोवर ‘कधी थांबायचं’ हा प्रश्न विचारताच येत नाही. सगळी ताकद झाकण्यातच जाते. यांना मी तेच करायला लावत होते.

स्थळाकडच्यांना मी स्वतः फोन करून सांगितलं. एक स्थळ परत गेलं. रडले मी. दुसरे म्हणाले, ‘आधी सांगितलंत, बरं वाटलं.’ धाकटी आता त्यांची सून आहे.

मग यांनी तोंड उघडलं. कात्री सोडली पहिल्यांदा, कापड फाडून नुकसान नको म्हणून. मग स्कूटर. दुकानात सकाळी साडेदहा ते एक बसतात, गोळी अंगी लागलेली असते तेवढा वेळ. भाव सांगणं आणि माणसं ओळखणं यांच्याकडे, मापं मुलाकडे. शेवटची खूण त्यांची त्यांनीच ठरवली आहे. ज्या दिवशी गिऱ्हाइकाची बाकी चुकीची सांगतील, त्या दिवशी गादीवरून उठायचं. रोज संध्याकाळी मुलगा हिशेब तपासतो आणि खरं काय ते सांगतो. तसं वचनच घेतलंय त्याच्याकडून.

यंदा दिवाळीला नव्या वहीवर ‘श्री’ यांनीच काढला. पेन्सिलीने दोन रेघा आखून घेतल्या, त्यांच्यामध्ये. पाच मिनिटं लागली. आम्ही सगळे आरती हातात घेऊन थांबलो होतो. मग पेन मुलाच्या हातात देऊन म्हणाले, ‘आता तू लिही.’