बोलेरोचं फ्रेंच आजोळ

परंडा तालुक्यात माणसाचं वजन त्याच्या बोलेरोवरून जोखायला लागले, त्याला आता बरीच वर्षं झाली. लग्नाच्या मांडवापुढे, बाजार समितीच्या आवारात, तहसीलबाहेरच्या लिंबाखाली, जिथं चार माणसं काही ठरवायला जमतात तिथं पांढरी बोलेरो उभी असते. मागच्या काचेवर कुलदैवताचं नाव, नाहीतर नेत्याचं. हिला कुणी फ्रेंच म्हटलं तर पारावरची मंडळी हसतील. पण गाडीचं कूळ काढायचं म्हटलं तर एक शाखा थेट फ्रान्सच्या साहेबी मोटारीपर्यंत जाते.

बापाकडचं घराणं सगळ्यांना ठाऊक आहे. महिंद्रानं १९४७ पासून अमेरिकेच्या विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपचीच चौकट लांबवत, छप्पर चढवत, दारं लावत पुढं कमांडर, मार्शल, आर्माडा आणि २००० साली बोलेरो झाली. चौकोनी चेहरा आणि ताठ कणा हा सगळा विलीजचा वारसा. आईकडची बाजू मात्र बॉनेट उघडल्याशिवाय दिसत नाही.

प्युजो हे नाव आपल्याकडं कधी रुळलंच नाही. हे घराणं फ्रान्सच्या पूर्वेकडच्या माँबेलियार भागातलं. मोटारींच्या आधी करवतीची पाती आणि कॉफी दळायची यंत्रं बनवणारं. त्यांचं बोधचिन्ह असलेला सिंह आधी पोलादी पात्यांवर उमटला आणि मग मोटारीच्या नाकावर चढला. त्यांच्या डिझेल इंजिनांचं काम अँदेनोर नावाची त्यांचीच कंपनी लील शहरात करायची. १९५९ मध्ये ४०३ या मोटारीत त्यांनी डिझेल बसवलं. (टीव्हीवरचा चुरगळलेल्या कोटातला कोलंबो चालवायचा तीही ४०३च, फक्त उघड्या टपाची.) डिझेल ही ट्रकची आणि ट्रॅक्टरची गोष्ट, घरच्या गाडीत तिचं काय काम, असं मानणाऱ्या काळात प्युजो चिकाटीनं डिझेल मोटारी विकत राहिली. ४०३ नंतर ४०४, मग १९६८ मध्ये ५०४. युरोपात १९६९ ची सर्वोत्तम मोटार ठरलेली ही ५०४ पुढं आफ्रिकेत टॅक्सी म्हणून इतकी राबली, की तिचं मूळ युरोपचं होतं हे तिथं कुणाच्या ध्यानातही नसेल.

आता थोडे आकडे, कारण या घराण्याची वंशावळ सिलिंडरच्या मापातच लिहिलेली आहे. ५०४ च्या डिझेल इंजिनांपैकी एकाचं नाव एक्सडीपी ४.९०. यातला ४ म्हणजे चार सिलिंडर आणि ९० म्हणजे सिलिंडरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पिस्टनची धाव ८३ मिलिमीटर. गुणाकार केला की २११२ सीसी येतात. पुढच्या पिढीनं धाव तीच ठेवली आणि व्यास ९४ केला, म्हणजे २३०४ सीसी. तिच्या पुढच्या पिढीनं व्यास तोच ठेवून धाव ९० केली, म्हणजे २४९८ सीसी. एका वेळी एकच माप बदलायचं, ही त्या घरची रीत. फ्रेंच माणसाबद्दल आपली कल्पना छानछोकीची असते. इथं पाहावं तर एखाद्या कोमटी दुकानदाराची काटकसर.

या २३०४ सीसीच्या इंजिनावर टर्बो चढवून प्युजोनं १९७९ मध्ये ते ६०४ मध्ये बसवलं. ही ६०४ म्हणजे त्यांची साहेबी मोटार. १९७५ मध्ये आलेली, पिनिनफरिनानं रेखलेली, पेट्रोलमध्ये व्ही-६ इंजिनाची, मागच्या बाकावर बसणाऱ्याचा विचार करून बनवलेली. दहा वर्षांत जेमतेम दीड लाखांच्या आसपास बनली. साहेबांनी मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यू घेतल्या, आणि ज्यांना काही वेगळं हवं होतं ते सित्रोएनकडं गेले. जगाला फ्रेंच मोटार म्हटलं की आठवते ती १९५५ ची सित्रोएन डीएस. चालू केली की तेलाच्या दाबावर उचलली जाणारी, माशासारख्या तोंडाची. तिच्यापुढं ६०४ म्हणजे इस्त्री केलेला राखाडी सफारी. ती रुबाबदार होती का, यावर जुन्या मोटारींचे शौकीन अजून भांडतात. मला विचाराल तर होती. रुबाब दाखवायचा नसतो, असं मानणाऱ्यांचा जो रुबाब असतो तो. शेवटच्या वर्षांत ६०४ च्या डिझेल मॉडेलला २४९८ सीसीचं इंजिन मिळालं आणि १९८५ मध्ये तिचा कारभार आटोपला.

इंजिनं मात्र तोवर सह्याद्रीत पोहोचली होती. १९७९ मध्ये महिंद्रानं प्युजोशी करार केला आणि पुढं इगतपुरीच्या कारखान्यात एक्सडीपी ४.९० बनू लागलं. त्याआधी महिंद्राच्या डिझेल जीपमध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टरचं इंजिन असे, आणि जीपचा आवाजही शेतातलाच असे. प्युजोचं इंजिन आलं आणि जीप सडकेवर धावायला लागली. एमएम ५४० मध्ये ते बसलं, १९९३ च्या आर्माडामध्ये बसलं. काही मॉडेलांच्या नावामागे डीपी लागायचं, म्हणजे डिझेल प्युजो. अंगावर एवढीच फ्रेंच खूण. २००० च्या पहिल्या बोलेरोत आलं ते २४९८ सीसीचं एक्सडी३पी, टर्बोविना. साहेबाच्या ६०४ चं आणि तालुक्याच्या बोलेरोचं रक्ताचं नातं ते हे.

परंड्याच्या माणसाला असं कूळ नवं वाटू नये. मुलुखमैदान तोफ १५४९ मध्ये मुहम्मद बिन हसन रूमी या तुर्की कारागिरानं अहमदनगरात ओतली, ती परंड्याच्या किल्ल्यावर राहिली, १६३२ मध्ये विजापूरला गेली आणि आता जगात विजापूरची म्हणून ओळखली जाते.

सिंह नाकावर घेऊन आलेली प्युजोही महाराष्ट्रात बनली, आणि तिची गोष्ट आपल्या शेजारूनच सुरू होते. वालचंद हिराचंद सोलापूरचे. लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेची ठेकेदारी धरली, आणि सुरुवातीच्या कामांत बार्शी लाइट रेल्वेचं काम होतं. पुढं १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकेच्या क्रायस्लरच्या गाड्या निघाल्या, मग इटलीच्या फियाट आल्या आणि त्यांतूनच पद्मिनी. १९९४ मध्ये याच प्रीमियरनं कल्याणजवळच्या कारखान्यात प्युजो ३०९ बनवायला घेतली, १.४ लिटरचं पेट्रोल आणि १.५ लिटरचं डिझेल. आपल्याकडं ती साहेबी गाडी म्हणून आली, युरोपात मात्र मध्यमवर्गाची होती आणि तिथला तिचा काळही संपत आला होता.

या ३०९ चं कूळ तर आणखी गुंतलेलं. ती मुळात प्युजो म्हणून आखलेलीच नव्हती. क्रायस्लरनं युरोपात फ्रान्सची सिम्का आणि इंग्लंडचा रूट्स उद्योग घेतला, पेलवेना तेव्हा १९७८ मध्ये सगळा पसारा प्युजोच्या गळ्यात घातला. त्या पसाऱ्यातल्या कॉव्हेंट्रीच्या इंजिनिअरांनी टॅल्बो नावाखाली विकायला म्हणून जी गाडी आखली, तीच १९८५ मध्ये प्युजो ३०९ म्हणून बाजारात आली. आणि सिम्का? ती १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये फियाटच्या गाड्या परवान्यावर बनवण्यासाठीच निघालेली. म्हणजे क्रायस्लरची आणि फियाटची ही युरोपातली भावंडं जिच्या कुळात, ती गाडी येऊन पडली कुठं, तर क्रायस्लर आणि फियाटवरच वाढलेल्या प्रीमियरच्या दारात. सोयरिकी जुळवणाऱ्यालाही हे जमलं नसतं.

संसार टिकला नाही. कामगारांचा असंतोष, वेळेवर न मिळणाऱ्या गाड्या, त्यात प्रीमियरचा फियाटशी उनो मोटारीसाठी झालेला वेगळा करार. १९९७ मध्ये प्युजो निघून गेली. ३०९ चालवायला मऊ होती, डांबर उखडलेल्या रस्त्यावरही अंग आंबवत नसे. पण मुंबई-पुण्याबाहेर तिचा सुटा भाग मिळवणं म्हणजे पंचाईत, आणि ज्या गाडीचा भाग बार्शीत मिळत नाही ती परंड्यात कोण घेणार? तिचं डिझेल इंजिन तेवढं मागं राहिलं. मारुतीनं ते झेन डिझेलमध्ये घातलं, आणि कितीतरी वर्षांनी प्रीमियरनंही आपल्या रिओ गाडीत.

बोलेरोतल्या प्युजोलाही पुढं डीआय इंजिनानं हटवलं, कारण मायलेज. प्युजोच्या जुन्या इंजिनात डिझेल आधी वरच्या छोट्या खोलीत पेटतं आणि मग पिस्टनवर येतं. त्यानं आवाज कमी होतो, पण त्या खोलीच्या भिंती उष्णता खातात आणि लिटरमागे किलोमीटर कमी पडतात. सकाळी थंडीत हीटर प्लग तापेपर्यंत थांबायचं ते वेगळंच. डीआयमध्ये डिझेल सरळ पिस्टनवर पडतं. खडखड जास्त, खर्च कमी. वडाप करणाऱ्यानं कुठलं निवडावं हे सांगायला नको. घरच्या वापरासाठी ज्यांनी प्युजोवाली घेतली होती ते मात्र तिच्या शांत चालीचं कौतुक करत राहिले, ती कुणाकडून आली हे माहीत नसतानाही.

आजोळशी व्यवहार पुढंही झाला, उलट्या दिशेनं. प्युजोचा स्कूटरचा धंदा माँबेलियार भागातच होता. २०१५ मध्ये महिंद्रानं त्यात ५१ टक्के हिस्सा घेतला, २०१९ मध्ये सगळाच विकत घेतला, आणि २०२३ मध्ये मोठा वाटा एका जर्मन कंपनीच्या हवाली केला.