जमिनीकडे पाहण्याची दृष्टी

भूमीला माता म्हणण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. परंतु शेतकऱ्याची आपल्या जमिनीविषयीची दृष्टी केवळ भावनेने घडत नाही. ती मातीने घडते, तशीच साऱ्याने, कर्जाने व वाटणीनेही घडते. पुणे जिल्ह्याचा इतिहास या बाबतीत आम्हांस बोधप्रद वाटतो.

आपले पूर्वज जमीन ओळखीत ती तिच्या गुणावरून. काळी, तांबडी, मुरमाड, बरड, चोपण, मळईची या नावांतच ओल किती टिकेल व कोणते पीक साधेल, हे ज्ञान साठविलेले होते. सरकारला मात्र सारा हवा होता. 1830 च्या सुमारास प्रिंगलसाहेबांनी निव्वळ उत्पन्नाचे हिशेब मांडून आकारणी केली. ती इतकी जड झाली की, कित्येक रयतांनी शेते टाकून गावे सोडली. पुढे 1836 साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांच्या नव्या पाहणीस आरंभ झाला. मातीचा रंग, खोली व दोष पाहून प्रत आण्यांत ठरे आणि दर 30 वर्षे कायम राही. तेव्हा पडीत जमिनी पुन्हा वहितीस आल्या. माती तीच होती. उद्याची शाश्वती मिळताच ती कसण्याजोगी दिसू लागली.

परंतु कायम झालेला हक्क गहाण टाकण्याजोगाही झाला. जमीन हे सावकाराचे तारण बनले आणि 1875 च्या मे महिन्यात सुपे येथे दंगा उसळला. रयतेचा रोख होता तो कर्जखतांवर.

वाटणीचा परिणाम याहून संथ, पण खोल आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी 1917 साली पिंपळे सौदागर गावाची पाहणी प्रसिद्ध केली. तेथील सरासरी धारणा 1771 साली सुमारे 40 एकर होती. 1915 च्या सुमारास ती 7 एकरांवर आली. प्रत्येक भावास प्रत्येक शेतात हिस्सा हवा, म्हणून तुकड्यांचेही तुकडे झाले. ज्या पट्टीत औत वळत नाही, तिच्या बांधबंदिस्तीवर कोण खर्च करील? आज त्याच गावच्या शिवारात उंच इमारती उभ्या आहेत आणि जमिनीचा भाव चौरस फुटांनी सांगितला जातो.

आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांत आज सातबारा आहे, पण शेताचे नाव ठाऊक नाही. उताऱ्यावर क्षेत्र व आकार सापडतो. पाणी कोठे मुरते, विहिरीची पाळी कशी ठरली, कोणती पट्टी आवर्षणातही दाणा देते, हे वडीलधाऱ्यांच्याच तोंडी असते. 2005 पासून मुलींनाही वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः समान हक्क आहे. तेव्हा हे ज्ञान लेकींनाही मिळाले पाहिजे. म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची विनंती आहे की, वाटणीच्या वा विक्रीच्या कागदावर सही होण्यापूर्वी सर्वांनी मिळून एकवार शिवार फिरावे आणि वडीलधारे सांगतील ते लिहून ठेवावे. जी जमीन आपण ओळखत नाही, तिची आपल्याला फक्त किंमतच दिसते.