डूलेनस्ट्राटवरचा पक्षी

साल १६५४. हॉलंडमधलं डेल्फ्ट. डूलेनस्ट्राटवरच्या एका घराचं दार लोटून तुम्ही आत शिरता. जवसाच्या तेलाचा वास आधी येतो, मग खिडकीपाशी उभा असलेला माणूस दिसतो.

कारेल फाब्रिशियस बत्तीस वर्षांचा आहे. आम्स्टरडॅमला रेम्ब्रांटच्या हाताखाली तो शिकला. पहिली बायको १६४३ मध्येच गेली. दुसऱ्या लग्नानंतर तो इथे आला आणि १६५२ मध्ये इथल्या चित्रकारांच्या संघात त्याचं नाव लागलं. गुरू माणसांना काळोखातून उजेडात आणायचा. याने ती रीत उलटी केली: उजळ भिंत मागे, गडद आकृती पुढे.

त्याच्या खांद्यावरून पाहा. लाकडी फळी वहीच्या पानाहून जराशीच मोठी, ३३.५ बाय २२.८ सेंटिमीटर. तिच्यावर पिवळसर पांढऱ्या गिलाव्याची भिंत, भिंतीला दाण्याची पेटी, पेटीभोवती दोन अर्धगोल दांड्या. वरच्या दांडीवर गोल्डफिंच बसलाय, पायात बारीक साखळी. इथे घरोघरी हा पक्षी हौसेनं पाळतात. चिमुकल्या बादलीनं स्वतःचं पाणी ओढून घ्यायला त्याला शिकवतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवतात. कारेलनं तो खेळ गाळला आहे. बादली नाही, पाणी नाही. करमणूक करण्याची सक्ती नसलेला एक पक्षी, आणि भिंतीवर पडलेली त्याची सावली. मला या चित्राचं मोठेपण या गाळण्यातच वाटतं.

आता पंखाकडे लक्ष द्या. काळ्यावर तो जाड पिवळा ओढतो. रंग ओला आहे तोवर कुंचला उलटा धरतो आणि दांड्याच्या टोकानं ओरखडतो. खालचा काळा वर येतो. एकही पीस त्यानं वेगळं काढलेलं नाही. दोन पावलं मागे सरका, पंख जमून येतो. पुन्हा जवळ जा, उरतात फक्त रंगाचे फटकारे. खाली भिंतीवर तो स्वतःचं नाव आणि साल घालतो.

१२ ऑक्टोबर, सोमवार, सकाळची वेळ. पुष्कळ लोक आज शहरात नाहीत. कुणी स्खीडामच्या बाजाराला गेलंय, कुणी हेगच्या जत्रेला. जवळच, जोगिणींच्या जुन्या मठात, बंदुकीची कित्येक टन दारू साठवली आहे. कोठाराचा रखवालदार नमुना काढायला आत जातो. चर्चचा म्हातारा सेवक सिमोन डेकर याचं व्यक्तिचित्र कारेल रंगवतोय. काय होणार ते तुम्हाला ठाऊक आहे, पण या शहरात तुमचा आवाज कुणालाच ऐकू जात नाही.

स्फोटाचा आवाज दूरच्या टेसेल बेटापर्यंत पोचतो. शहराचा चौथा हिस्सा कोसळतो. कित्येक तासांनी कारेलला ढिगाऱ्याखालून जिवंत काढतात, आणि थोड्याच वेळात तो जातो. डेकरही जातो, कारेलचा एक शिष्यही. १४ तारखेला जुन्या चर्चमध्ये कारेलला पुरतात. त्याची म्हणून आज ओळखली जाणारी चित्रं जेमतेम डझनभर आहेत. दहा-बारा वर्षांत एवढंच काम केलं असेल, हे त्याचा हात पाहिल्यावर पटत नाही.

याच शहरात तेव्हा चित्रकार योहानेस वेर्मेर एकवीस वर्षांचा होता. काही वर्षांनी त्यानं दूध ओतणारी बाई रंगवली. तिच्यामागे उजेडानं न्हालेली गिलाव्याची भिंत आहे, खिळ्यांच्या भोकांसकट. १६६७ मध्ये डेल्फ्टच्या इतिहासाच्या एका पुस्तकात छापलेल्या कवितेनं वेर्मेरला कारेलच्या राखेतून उठलेला फिनिक्स म्हटलं.

पुढे दोघेही विसरले गेले. एकोणिसाव्या शतकात वेर्मेरला पुन्हा लोकांसमोर आणणारा फ्रेंच समीक्षक तेओफिल तोरे, हा पक्षी त्याच्याच संग्रहात होता. १८९६ पासून हे चित्र हेगच्या माउरित्सहाउसमध्ये आहे. वेर्मेरनं रंगवलेलं डेल्फ्ट शहरही त्याच छपराखाली लावलेलं आहे.