सॅम्पलिंग म्हणजे काय? फंकच्या जुन्या रेकॉर्ड हिप-हॉपमध्ये कशा आल्या आणि पैसे कुणाला मिळाले?

'अमेन, ब्रदर' हे १९६९ सालचं वाद्यसंगीत बाजारात आलं तेव्हा त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. अमेरिकेतल्या 'द विन्स्टन्स' या बँडच्या 'कलर हिम फादर' या गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डची ती मागची बाजू होती. या तुकड्यात मध्येच सगळी वाद्यं थांबतात आणि ड्रमर ग्रेगरी कोलमन चार आवर्तनं एकटाच वाजवतो. जेमतेम सहा-सात सेकंद. नंतर हेच सहा-सात सेकंद जगभरातल्या हजारो गाण्यांत वाजले. अमेरिकेतल्या हिप-हॉपमध्ये वाजलेच, ब्रिटनमध्ये तर 'जंगल' आणि 'ड्रम अँड बेस' हे संगीतप्रकार बऱ्याच अंशी त्यांच्यावर उभे राहिले. कोलमन यांना त्याबद्दल काहीही मिळालं नाही. २००६ साली अटलांटा शहरात त्यांचं निधन झालं, तेव्हा त्यांना राहायला घरही नव्हतं.

एका रेकॉर्डवरचा आवाजाचा तुकडा उचलून दुसऱ्या गाण्यात बसवणं म्हणजे सॅम्पलिंग. हिप-हॉपचा पाया त्यावर आहे, आणि त्यासाठी सर्वाधिक उचलला गेलेला माल फंक संगीताचा. असं का, हे कळायला आधी फंकची रचना पाहावी लागते.

फंकच का?

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जेम्स ब्राऊन या गायकाच्या बँडने कृष्णवर्णीय अमेरिकन संगीताचा तोल बदलला. तोवर गाण्यात चाल आणि स्वरमेळ पुढे असत, ताल मागे. ब्राऊनने ताल पुढे आणला. गिटार, ब्रास, बेस ही सगळी वाद्यं जणू तालवाद्यं असल्यासारखी वाजू लागली आणि सगळा भार आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर आला. आपल्याकडे समेला जे महत्त्व आहे, साधारण तेच फंकमध्ये 'द वन'ला. मधल्या मात्रांवर हवे तेवढे खेळ करा, पण पहिल्या ठोक्यावर सगळे एकत्र आलेच पाहिजेत.

अशा संगीतात एकच आवर्तन कितीही वेळा फिरवलं तरी ते तुटल्यासारखं वाटत नाही. त्यात भर म्हणजे 'ब्रेक'. गाण्याच्या मध्यावर गायक, ब्रास, गिटार सगळे गप्प होतात आणि काही सेकंद फक्त ड्रम, कधी सोबत बेस किंवा कोंगा उरतात. या जागेत स्वर नसतात किंवा अगदी कमी असतात, म्हणून ती दुसऱ्या कुठल्याही चालीखाली घातली तरी बेसूर होत नाही.

दोन टर्नटेबल, एकच रेकॉर्ड

सॅम्पलर यंत्र येण्याच्या कितीतरी आधी हे काम हातांनी होत होतं. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीच्या सामुदायिक खोलीत एका मुलीने शाळा सुरू होण्याच्या निमित्ताने पार्टी ठेवली. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ होता : जमैकात जन्मलेला क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजेच डीजे कूल हर्क. हिप-हॉपचा जन्मदिवस म्हणून हीच तारीख सांगितली जाते. नाचणारी पोरं ब्रेकची वाट पाहतात आणि तो आला की खरी पेटतात, हे हर्कच्या लक्षात आलं होतं. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर लावल्या. एकीवरचा ब्रेक संपतोय तोवर दुसरीवरचा सुरू करायचा, पुन्हा पहिलीवर यायचं. काही सेकंदांचा तुकडा अशा तऱ्हेने मिनिटांचा होई. त्यासाठी त्याच्याकडे जेम्स ब्राऊन होता आणि 'इन्क्रेडिबल बाँगो बँड'चं 'अपाची'ही. आपण कोणती रेकॉर्ड वाजवतो हे प्रतिस्पर्ध्यांना कळू नये म्हणून तो पाण्यात भिजवून लेबलं काढून टाकायचा. मूळ कलावंताचं नाव पुसलं जाण्याची सुरुवात अशी अगदी पहिल्या दिवसांपासून आहे, मात्र तेव्हा त्यामागे पैसा नव्हता, गल्लीतली चुरस होती.

ग्रँडमास्टर फ्लॅशने पुढे यात अचूकपणा आणला. ब्रेक नेमका कुठे सुरू होतो ते तो रेकॉर्डवर खडूसारख्या रंगाने खूण करून ठेवायचा, म्हणजे सुई अंदाजाने टाकावी लागत नसे.

१९७९ मध्ये 'रॅपर्स डिलाइट' या गाण्याने रॅप पहिल्यांदा देशभर पोचलं. त्याखालचा ताल 'शिक' बँडच्या 'गुड टाइम्स'चा होता, पण रेकॉर्डवरून उचललेला नव्हता. स्टुडिओत वादक बसवून तो पुन्हा वाजवून घेतला होता. 'शिक'च्या नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी हरकत घेतल्यावर त्यांना गाण्याचे रचनाकार म्हणून श्रेय द्यावं लागलं. ही गोष्ट पुढच्या भांडणांसाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

अडीच सेकंदांचं यंत्र

१९८० च्या दशकाच्या मध्यावर सॅम्पलर यंत्रं आवाक्यात आली. मार्ली मार्ल या निर्मात्याने जुन्या रेकॉर्डवरचा ड्रमचा एकेक ठोका सुटा उचलून त्यातून नवा ताल बांधायला सुरुवात केली. एमसी शानच्या 'द ब्रिज' (१९८६) मध्ये 'द हनी ड्रिपर्स'च्या 'इम्पीच द प्रेसिडेंट'मधले ड्रम त्याने असेच वापरले. १९८७ मध्ये ई-म्यू कंपनीचं एसपी-१२०० आलं, पाठोपाठ अकाईचं एमपीसी-६०.

एसपी-१२०० ची एकूण स्मृती दहा सेकंदांची, आणि एक तुकडा जास्तीत जास्त अडीच सेकंदांचा. मिनिटाला शंभर ठोक्यांच्या लयीत चार ठोक्यांचं एक आवर्तन २.४ सेकंदांचं होतं, म्हणजे यंत्रात कसंबसं एक आवर्तन मावे. यावर निर्मात्यांनी एक नामी तोड काढली. ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ वर फिरवायची, वेगाने पळणारा आवाज यंत्रात भरायचा आणि मग यंत्रातच तो मंद करायचा. त्याच जागेत सुमारे ३५ टक्के जास्त आवाज मावायचा. मंद करताना वरच्या पट्टीतला तजेला जाई आणि खाली एक खरखर उरे. ऐंशी-नव्वदच्या हिप-हॉपचा तो मळकट, जाड आवाज कुणी ठरवून घडवलेला नाही, तो बराचसा या काटकसरीतून आला.

कच्चा माल शोधणंही याच सुमारास सोपं झालं. 'अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स' या नावाने १९८६ ते १९९१ दरम्यान जुन्या ब्रेकवाल्या गाण्यांचे २५ संग्रह निघाले. 'अमेन, ब्रदर' अनेकांच्या हाती पोचलं ते त्यातूनच. १९८८ च्या 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' या एन.डब्ल्यू.ए.च्या गाण्यात कोलमनचे तेच ड्रम आहेत.

वीस सेकंदांचा ड्रमर

'अमेन'च्या तोडीचा दुसरा ब्रेक जेम्स ब्राऊनच्या 'फंकी ड्रमर'चा. नोव्हेंबर १९६९ मध्ये सिनसिनाटीत त्याचं ध्वनिमुद्रण झालं. ड्रमवर क्लाइड स्टबलफील्ड. ब्राऊन बाकीच्यांना थांबवतो आणि स्टबलफील्ड सुमारे वीस सेकंद एकटा वाजवतो. ऐकायला सोपं वाटतं, पण मुख्य ठोक्यांच्या मध्ये स्नेअर ड्रमवर काडीचे अगदी हलके, जेमतेम ऐकू येणारे स्पर्श आहेत. तबलजी डग्ग्यावर नुसता हात फिरवत ठेका भरतो, तसलं काहीसं. त्या काळातल्या ड्रम मशीनला हे जमत नव्हतं, म्हणून निर्मात्यांना माणसाने वाजवलेला तुकडाच हवा होता. पब्लिक एनिमीचं 'फाइट द पॉवर', एलएल कूल जेचं 'मामा सेड नॉक यू आउट' आणि अशी शेकडो गाणी त्यावर उभी आहेत.

स्टबलफील्ड पगारी वादक होते. रचनाकार म्हणून नाव ब्राऊनचं, ध्वनिमुद्रण कंपनीचं. सॅम्पलचे पैसे दिले गेले तरी ते या दोन खात्यांत जमा झाले. पैशापेक्षा आपलं नाव छापलं गेलं असतं तर बरं वाटलं असतं, असं ते मुलाखतींत सांगत. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात ते छोट्या कार्यक्रमांतून वाजवत राहिले. त्यांच्या कर्करोगाच्या उपचारांचं मोठं बिल गायक प्रिन्सने गुपचूप भरलं होतं, हे प्रिन्सच्या मृत्यूनंतर २०१६ मध्ये बाहेर आलं. २०१७ मध्ये स्टबलफील्डही गेले.

कायदा काय पाहतो?

एका रेकॉर्डवर दोन वेगळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे चाल आणि शब्दांचा. दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. सॅम्पल घेणाऱ्याला दोन्हींची परवानगी लागते. तेच संगीत वादकांकडून पुन्हा वाजवून घेतलं तर फक्त पहिल्याची. 'रॅपर्स डिलाइट'चा मामला रचनेच्या हक्काचा होता तो यामुळेच. ड्रमरने त्या क्षणी सुचून वाजवलेला ठेका मात्र या दोहोंपैकी कशातही त्याच्या नावावर येत नाही. तो 'चाल' मानला जात नाही, आणि मुद्रण त्याच्या मालकीचं नसतं. या कथेतली मुख्य गोम हीच.

ऐंशीच्या दशकात बरेच निर्माते परवानगीच्या फंदात पडत नसत. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने बिझ मार्की या रॅपरविरुद्ध निकाल दिला. त्याने गिल्बर्ट ओ'सलिव्हनच्या गाण्याचा तुकडा घेतला होता. चोरी करू नकोस या बायबलमधल्या आज्ञेनेच न्यायाधीशांनी निकालपत्राची सुरुवात केली. त्यानंतर कंपन्या धास्तावल्या. एका गाण्यात डझनभर सॅम्पल रचण्याची पब्लिक एनिमीची पद्धत परवडेनाशी झाली. डॉ. ड्रेने 'द क्रॉनिक' (१९९२) मध्ये जॉर्ज क्लिंटनच्या पार्लमेंट-फंकाडेलिकचा फंक भरपूर वापरला, पण पुष्कळदा वादकांकडून पुन्हा वाजवून घेऊन.

हीच वेळ एका हिंदी गाण्यावरही आली. लता मंगेशकरांनी गायलेल्या 'थोडा रेशम लगता है'चा तुकडा ट्रुथ हर्ट्स या गायिकेच्या 'अॅडिक्टिव्ह' (२००२) मध्ये विनापरवाना वापरला गेला आणि संगीतकार बप्पी लाहिरी यांच्या श्रेयाचा प्रश्न लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेला.

२००५ मध्ये आणखी कडक निकाल आला. एन.डब्ल्यू.ए.ने फंकाडेलिकच्या गिटारचा दोन सेकंदांचा तुकडा पट्टी उतरवून वापरला होता. मुद्रणाचा कितीही छोटा तुकडा घ्या, परवाना हवाच, असं अपील न्यायालयाने म्हटलं. दावा क्लिंटनचा नव्हता. तो हक्क ज्यांच्याकडे होते त्या ब्रिजपोर्ट म्युझिक आणि वेस्टबाउंड रेकॉर्ड्स या कंपन्यांचा होता. क्लिंटन आणि ब्रिजपोर्टमध्ये मालकीवरून वर्षानुवर्षं कोर्टकज्जे झाले. २०१६ मध्ये दुसऱ्या अपील न्यायालयाने, मॅडोनाच्या 'वोग'मधल्या पाव सेकंदाहून लहान ब्रासच्या आवाजाबाबत, नेमका उलट निर्णय दिला. त्यामुळे अमेरिकेत हा प्रश्न प्रदेशानुसार वेगळा सुटतो.

विन्स्टन्सचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना आपल्या रेकॉर्डचं काय झालं हे कळलं तेच मुळी १९९६ मध्ये. तोवर दावा करण्याची मुदत उलटून गेली होती. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या डीजेंनी इंटरनेटवर वर्गणी काढली आणि सुमारे २४ हजार पौंड त्यांच्या हाती दिले. कोलमन तोवर हयात नव्हते.

डे ला सोल या गटाला हीच अडचण उलट बाजूने भोवली. त्यांच्या १९८९ च्या पहिल्या अल्बममध्ये फंकाडेलिकसह कितीतरी रेकॉर्डचे तुकडे होते आणि त्यांची परवानगी स्ट्रीमिंगसाठी लागू होत नव्हती. एकेक हक्क नव्याने सोडवून, काही तुकडे बदलून तो अल्बम स्ट्रीमिंगवर आला ३ मार्च २०२३ रोजी. गटातला डेव्हिड जोलिकर त्याआधी तीनच आठवडे वारला होता.