ठरलेली कुस्ती, झाकलेला गाव

१९ फेब्रुवारी १९५४, शुक्रवार. टोकियोतल्या शिंबाशी स्थानकाबाहेरचा चौक संध्याकाळपासूनच माणसांनी भरून गेला होता. कामावरून सुटलेले कारकून, मजूर, दुकानदार, शाळकरी पोरे असे सगळे मान उंच करून एकाच दिशेला पाहत होते. उंचावर बसवलेल्या टेलिव्हिजनच्या छोट्या काळ्यापांढऱ्या पडद्यावर चार माणसे झुंजत होती. दोन धिप्पाड गोरे आणि त्यांच्यासमोर दोन जपानी. मागच्या रांगांतल्यांना पडद्यावर काय दिसत असेल देव जाणे, पण पुढून आरोळी उठली की मागचेही ओरडत होते.

जपानमध्ये टेलिव्हिजन घराघरांत कसे पोहोचले, याचा इतिहास या संध्याकाळपासून सांगायची पद्धत आहे आणि ती चुकीची नाही. पण त्या रिंगणातले चौघे मुळात कोण होते, हा प्रश्न विचारला की त्याच संध्याकाळचा दुसरा इतिहास हाती लागतो.

चौकातले टेलिव्हिजन

एनएचके या सार्वजनिक संस्थेने १ फेब्रुवारी १९५३ रोजी टेलिव्हिजनचे प्रक्षेपण सुरू केले, तेव्हा साऱ्या देशात नोंदलेले ग्राहक होते अवघे ८६६. कारण साधे होते. शार्प कंपनीने त्या वर्षी बाजारात आणलेल्या संचाची किंमत १,७५,००० येन होती आणि शाळा संपवून सरकारी नोकरीत लागलेल्या तरुणाचा पहिला पगार ५,४०० येन. म्हणजे एका संचासाठी जवळजवळ पावणेतीन वर्षांचा पगार बाजूला काढायला हवा.

२८ ऑगस्ट १९५३ रोजी निप्पॉन टेलिव्हिजन ही पहिली खासगी वाहिनी सुरू झाली. तिचे कर्तेधर्ते मात्सुतारो शोरिकी हे पूर्वीचे पोलीस अधिकारी, नंतर ‘योमिउरी’ दैनिकाचे मालक आणि युद्धानंतर युद्धगुन्ह्याच्या संशयावरून तुरुंगात राहून आलेले गृहस्थ. जाहिरातीवर वाहिनी चालवायची तर प्रेक्षक हवेत, आणि संच महाग असल्यामुळे प्रेक्षक नाहीत. हा पेच त्यांनी सरळ सोडवला. जाहिरातदाराला किती संच विकले गेले ते सांगायचे नाही, किती डोळे पाहतात ते सांगायचे. त्यांनी स्थानके, बागा आणि देवळांच्या आवारांत स्वखर्चाने मोठे संच बसवले. आता त्यांना हवा होता असा खेळ, जो छोट्या पडद्यावर मावेल, लांबून कळेल आणि ज्याचे नियम कोणाला समजावून सांगावे लागणार नाहीत. बेसबॉलचा चेंडू त्या पडद्यावर दिसेनासा होई. चार दोऱ्यांच्या आत झुंजणारी दोन-चार माणसे मात्र स्पष्ट दिसत.

तीन दिवसांचे नाटक

कुरामाए कोकुगिकान हे टोकियोतले सुमोचे सभागृह. तिथे सलग तीन दिवस ‘प्रो रेसलिंग’चा कार्यक्रम झाला. पहिल्या दिवशी एनएचके आणि निप्पॉन टेलिव्हिजन या दोन्ही वाहिन्यांनी तो दाखवला. एका बाजूला साडेसहा फुटांच्या आसपास उंचीचे बेन आणि माइक हे शार्प बंधू. दुसऱ्या बाजूला सुमोतून आलेला रिकिदोझान आणि ज्युदोचा अजिंक्य मल्ल मासाहिको किमुरा.

आपल्याकडे ठरवून खेळलेल्या कुस्तीला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात आणि तो शब्द तुच्छतेने उच्चारला जातो. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात निकाली कुस्ती पाहणाऱ्याला असला प्रकार लगेच ओळखू येतो. अमेरिकी व्यावसायिक कुस्ती मात्र उघडउघड याच पायावर उभी होती. कोण जिंकणार हे आधीच ठरलेले, कसब दिसायचे ते तिथवर जायच्या वाटेत. शार्प बंधूंबरोबरच्या झुंजींचा साचाही ठरून गेलेला होता. गोरे दांडगाई करणार, नियम मोडणार, पंचाची पाठ वळली की दोघे मिळून एकाला धरणार. किमुरा बराच वेळ मार खाणार. मग कसाबसा कोपऱ्यापर्यंत पोहोचून तो जोडीदाराच्या हाताला हात लावणार आणि काळी लांब तुमान घातलेला रिकिदोझान आत येऊन हाताच्या कडेने छातीवर फटके हाणणार. जपानी वृत्तपत्रांनी या फटक्याला कराटेचे नाव दिले. तो बसला की चौकाचौकांत लोक बेभान होत.

हा आनंद समजायला तारखा पुरेशा आहेत. जपानची शरणागती १९४५ ची, परकी लष्करी अंमल उठला तो २८ एप्रिल १९५२ रोजी. त्याला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. सात वर्षे ज्या उंच गोऱ्या शिपायांपुढे मान खाली घालून वावरावे लागले, तसाच एक उंच गोरा माणूस जपानी हाताच्या फटक्याने आडवा होताना दिसत होता. निकाल आधी ठरला आहे की नाही, हा प्रश्न त्या क्षणी कोणाला पडणार?

किमुराची तक्रार

प्रश्न पडला तो किमुराला. हा मल्ल साधासुधा नव्हता. १९५१ मध्ये ब्राझीलला जाऊन त्याने एलिओ ग्रेसीला हरवले होते आणि ज्या पेचाने हरवले तो आजही जगभर ‘किमुरा’ याच नावाने शिकवला जातो. अशा माणसाच्या वाट्याला रोज मार खाण्याची भूमिका आली. १९५४ च्या नोव्हेंबरात ‘असाही’ दैनिकातून त्याचे म्हणणे प्रसिद्ध झाले. रिकिदोझानबरोबरच्या कुस्त्या हा देखावा आहे, खरी झुंज झाली तर मी हरणार नाही, असा त्याचा आशय होता.

२२ डिसेंबर १९५४ रोजी त्याच सभागृहात दोघे समोरासमोर आले. सुरुवात नेहमीसारखी झाली. मग अचानक रिकिदोझानने सगळा साचा मोडला आणि किमुराच्या डोक्यावर, मानेवर फटक्यांचा आणि लाथांचा वर्षाव केला. सोळाव्या मिनिटाला किमुरा रक्तबंबाळ होऊन पडला होता आणि कुस्ती थांबवावी लागली. लढत बरोबरीत सोडवायचे ठरले होते आणि आपला विश्वासघात झाला, असे किमुरा शेवटपर्यंत म्हणत राहिला. त्यानेच आधी नको तिथे लाथ मारली, असे रिकिदोझानचे म्हणणे. दोन्हींतले कोणतेही खरे मानले तरी एक गोष्ट उरते. ठरलेल्या खेळात एकाने अचानक खरे मारले आणि दुसऱ्याची कारकीर्द तिथेच मोडली. पुढे मोठ्या दैनिकांनी या खेळातून हळूहळू अंग काढून घेतले. टेलिव्हिजनने मात्र त्याला आणखी घट्ट धरले.

शुक्रवारी रात्री आठ

पुढे ‘मित्सुबिशी’ने कार्यक्रम पुरस्कृत केला. शुक्रवारी रात्री आठ वाजता एका आठवड्याला कुस्ती आणि एका आठवड्याला वॉल्ट डिस्ने यांचा ‘डिस्नेलँड’ कार्यक्रम, अशी पाळी लागली. दोन लढतींच्या मधल्या वेळात मित्सुबिशीच्या व्हॅक्यूम क्लीनरने रिंगण झाडले जाई. घाम आणि रक्त सांडलेल्या जागेवर विजेचा झाडू फिरताना साऱ्या देशाला दिसे. याहून चांगली जाहिरात कोणती?

मे १९५८ मध्ये एनएचकेच्या ग्राहकांची संख्या दहा लाखांवर गेली आणि मार्च १९६२ मध्ये एक कोटीवर. चौकातली गर्दी पांगून घरात आली. एप्रिल १९६२ मध्ये दात कानशीने घासून धारदार करणारा फ्रेड ब्लासी प्रतिस्पर्ध्यांना चावताना, रक्त काढताना पडद्यावर दिसला. ते पाहून काही वृद्ध प्रेक्षक धक्क्याने दगावल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या. २४ मे १९६३ रोजी ‘डिस्ट्रॉयर’ या मुखवटाधारी अमेरिकी मल्लाबरोबरच्या लढतीने ६४ टक्के प्रेक्षक मिळवले. जपानी टेलिव्हिजनच्या इतिहासातल्या सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या कार्यक्रमांत ती आजही मोजली जाते.

आपल्याकडचा एक धागा इथे जुळतो. १९५५ मध्ये टोकियोत रिकिदोझानने ज्याला हरवून आशियाई अजिंक्यपद मिळवले, तो हंगेरीचा किंगकाँग म्हणजे दारासिंगांबरोबरच्या लढतींमुळे मुंबईकरांच्या तोंडी बसलेलेच नाव. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममधल्या ‘फ्रीस्टाइल’ कुस्त्यांना तशीच गर्दी लोटे. पण मुंबईत दूरदर्शन आले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. म्हणून आपला मल्ल सिनेमाच्या पडद्याकडे वळला आणि १९६२ चा ‘किंगकाँग’ हा चित्रपट दारासिंगांच्या नावावर जमा झाला. घराघरांतल्या छोट्या पडद्यावर ते ‘रामायण’ मालिकेतले हनुमान होऊन आले, ते १९८७ मध्ये.

रिंगणात खरे कोण होते?

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. शार्प बंधू अमेरिकेचे म्हणून ओळखले गेले. ते होते कॅनडातल्या हॅमिल्टनचे. आणि जपानची इज्जत राखणारा रिकिदोझान? प्रसिद्ध चरित्रानुसार तो नागासाकी प्रांतातल्या ओमुरा गावचा, मित्सुहिरो मोमोता. प्रत्यक्षात त्याचे नाव किम सिन-राक आणि जन्म आजच्या उत्तर कोरियातल्या हामग्योंग भागातला. कोरिया जपानच्या ताब्यात होता त्या काळात तो मुलगा सुमोसाठी जपानात आला. १९४० मध्ये रिंगणात उतरून तो सेकिवाके या तिसऱ्या क्रमांकाच्या दर्जापर्यंत चढला आणि १९५० मध्ये त्याने स्वतःच्या हाताने शेंडी कापून सुमो सोडला. पुढे हवाईत जाऊन तो व्यावसायिक कुस्ती शिकला.

म्हणजे त्या संध्याकाळी चौघांपैकी दोघे कॅनडाचे, एक कोरियाचा आणि अस्सल जपानी एकटा किमुरा. ज्याने मार खायचा असे ठरले होते, तोच.

सुमोच्या वर्तुळात रिकिदोझानचे मूळ अनेकांना ठाऊक होते. लिहिले मात्र जात नव्हते. १९५२ मध्ये जपानातल्या लाखो कोरियनांचे जपानी नागरिकत्व काढून घेतले गेले. नोकरी, लग्न, भाड्याचे घर, प्रत्येक ठिकाणी नाव आडवे येत होते. अशा देशात राष्ट्राचा नायक कोरियन आहे हे कळले असते, तर तो नायक राहिला असता का? त्याने स्वतः हे उत्तर धरून आयुष्य काढले. जानेवारी १९६३ मध्ये तो दक्षिण कोरियात जाऊन आला. ती बातमी एका जपानी दैनिकात छापली गेली तेव्हा तो संतापला होता.

त्याच वर्षी ८ डिसेंबरला टोकियोतल्या एका नाइट क्लबमध्ये एका गुंडाशी झालेल्या बाचाबाचीत त्याच्या पोटात सुरी खुपसली गेली. १५ डिसेंबरला तो गेला, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. त्याचे जन्मगाव जपानी वाचकांसमोर उघडपणे आले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

मग त्याच्यावर तिघांनी हक्क सांगितला. जपानने व्यावसायिक कुस्तीचा जनक म्हणून. दक्षिण कोरियात त्याचा शिष्य किम इल याने हा खेळ घरोघरी नेला. आणि उत्तर कोरियाने त्याला परक्यांना लोळवणारा आपला वीर ठरवले. एप्रिल १९९५ मध्ये त्याचा दुसरा शिष्य अँटोनियो इनोकी प्योंगयांगच्या मे डे स्टेडियममध्ये अमेरिकेच्या रिक फ्लेअरशी लढला. गुरूने जे गाव जन्मभर झाकले, त्याच्याच देशात शिष्याने जाहीरपणे रिंगण मांडले.

व्यावसायिक कुस्ती खोटी असते, असे म्हणून इतिहासकार तिला सहसा बाजूला ठेवतात. रिकिदोझानची कथा वाचल्यावर तसे करता येत नाही. रिंगणातला खोटेपणा अर्ध्या देशाला कळत होता आणि त्याने कोणाचे फारसे बिघडले नाही, एकटा किमुरा सोडला तर. रिंगणाबाहेरचे खोटे मात्र एका माणसाला रोज, प्रत्येक मुलाखतीत आणि प्रत्येक कागदावर जपावे लागले. ज्या प्रेक्षकांना त्याने ताठ उभे राहायला शिकवले, त्यांच्यासमोर आपले नाव घेऊन उभे राहण्याची मुभा त्याला कधी मिळाली नाही.