भुवईतले मिश्र वाक्य

२०१५ सालचा पावसाळा धाराशिव जिल्ह्यात कुणी विसरणार नाही. श्रावण कोरडा चालला होता. आत्याच्या गावी जाताना उमरग्याच्या एसटी स्टँडवर दादा भेटला. दादा म्हणजे माझा आतेभाऊ, जन्मापासून कर्णबधिर. गर्दीत उभ्या उभ्या त्याने हातांनी सांगितले : पाऊस, नाही, पोळा, बैल, विकणे. घरी पोचल्यावर मी आत्याला म्हणालो, ‘‘पाऊस नाही म्हणून दादाने बैल विकले.’’ आत्याने डोळ्यांना पदर लावला. बैल रानात होते, त्यामुळे खात्री करायची सोय नव्हती. संध्याकाळी जोडी घुंगरे वाजवत दारात आली आणि मागोमाग दादा. आत्याचे रडके तोंड पाहून तो माझ्यावर असा संतापला की विचारू नका. त्याचे म्हणणे होते, ‘पोळ्यापर्यंत पाऊस आला नाही, तर बैल विकावे लागतील.’

मी मराठीचा शिक्षक. केवल, संयुक्त आणि मिश्र वाक्ये ओळखायला मुलांना वर्षानुवर्षे शिकवलेली. आणि मला एक ‘तर’ वाचता आला नाही! मी विचारले, ‘‘यात ‘जर’ कुठे होता?’’ दादाने आपल्या भुवईवर बोट ठेवले.

त्या भुवईच्या मागे मी पुढे बरीच वर्षे घालवली. हाती आलेली हकिगत अडीचशे वर्षांची आहे, आणि तिच्यात माझ्यासारखे फसलेले अनेक शहाणे लोक भेटतात.

पॅरिसमध्ये १७६० च्या सुमारास आबे द लेपे या धर्मगुरूंनी कर्णबधिर मुलांची शाळा सुरू केली. मुलांच्या खुणा त्यांनी शिकून घेतल्या, पण त्या खुणांना स्वतःचे पुरेसे व्याकरण आहे असे त्यांना वाटले नाही. म्हणून फ्रेंचमधली उपपदे, काळ, प्रत्यय यांसाठी त्यांनी वेगळ्या खुणा रचल्या. त्या पाहून मुले शुद्ध फ्रेंच वाक्ये उतरवून काढत. अर्थ मात्र बऱ्याचदा कळलेला नसे. १७७९ मध्ये प्येर देलोज या कर्णबधिर बुकबाइंडरने पुस्तक लिहून सांगितले, की पॅरिसचे बहिरे लोक आपसांत हर विषयावर खुणांनी बोलतात. त्याचे म्हणणे फार कुणी मनावर घेतले नाही.

१८८० च्या सप्टेंबरात इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ओठ वाचणे आणि उच्चार करणे हीच शिक्षणाची पद्धत, खुणा नकोत, असा ठराव तिथे झाला. प्रतिनिधींमध्ये कर्णबधिर माणूस एकच होता. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १८८५ च्या सुमारास, बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने मुंबईत देशातली पहिली मूकबधिर शाळा निघाली. आमचा जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मुंबईची शाळा इथल्या मुलांना फारच दूरची. पुढे देशभर शाळा निघत गेल्या, तेव्हा बहुतेक ठिकाणी एकच रीत पडली : वर्गात उच्चार, वसतिगृहात खुणा. भाषा जगली ती वसतिगृहात.

खुणांची भाषा ही खरीखुरी भाषा आहे हे शास्त्रीय पद्धतीने प्रथम मांडले ते वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट महाविद्यालयातल्या विल्यम स्टोको यांनी, १९६० मध्ये. त्यांनी दाखवले की प्रत्येक खूण हाताचा आकार, जागा आणि हालचाल अशा घटकांची बनते; जसा शब्द वर्णांचा बनतो. शब्दांचा प्रश्न असा सुटला, वाक्याचा राहिला. १९७७ मध्ये हेन्री थॉम्प्सन यांनी निष्कर्ष काढला, की अमेरिकी सांकेतिक भाषेत गौण वाक्येच नाहीत. साधी वाक्ये एकापुढे एक ठेवली जातात. उमरग्याच्या स्टँडवर मी काढला, तोच हा निष्कर्ष.

उत्तर पुढच्याच वर्षी आले. स्कॉट लिडेल यांनी हातांवरची नजर चेहऱ्याकडे वळवली. समजा, खुणा आहेत : ‘काल, कुत्रा, मांजर, पाठलाग, घरी, येणे.’ चेहरा कोरा असेल तर ही दोन वाक्ये : काल कुत्र्याने मांजराचा पाठलाग केला, तो घरी आला. पण ‘पाठलाग’ संपेपर्यंत भुवया वर, मान किंचित मागे आणि वरचा ओठ उचललेला असेल तर अर्थ होतो : ‘काल ज्या कुत्र्याने मांजराचा पाठलाग केला, तो घरी आला.’ आपला ‘जो’ वाक्यात एका जागी बसतो. त्यांचा ‘जो’ अख्ख्या गौण वाक्यावर मांडवासारखा पसरतो. मांडव जिथे संपतो तिथे गौण वाक्य संपले. ‘जर-तर’चेही असेच. त्याच वर्षी शार्लट बेकर आणि स्वतः कर्णबधिर असलेल्या कॅरॉल पॅडन यांनी दाखवले, की अटीच्या भागावर भुवया वर राहतात आणि सांध्यापाशी चेहरा, मान, पापण्या यांत एकदम बदल होतो.

मग पाहणाऱ्याला हे कळते कसे? पॅट्रिशिया सिपल यांनी १९७८ मध्येच म्हटले होते, की खुणांनी बोलणारे लोक समोरच्याच्या हातांकडे नव्हे, चेहऱ्याकडे पाहतात. हात नजरेच्या कडेने टिपले जातात. नजर टिपणाऱ्या यंत्रांनी पुढे याला दुजोरा दिला. माझी चूक मला इथे उमगली. मी हात पाहत होतो.

या हकिगतीतला एक योगायोग मला फार आवडतो. ज्या मिलानमध्ये खुणांना शाळेबाहेर काढले, त्याच शहरातल्या विद्यापीठांतले चेकेत्तो, जेराची आणि झुक्की यांनी २००६ मध्ये इटालियन सांकेतिक भाषेतल्या संबंधी वाक्यांवर निबंध लिहिला. त्यांना ही वाक्ये हिंदीसारख्या भाषांतल्या जो-तो जोडीच्या जातीची वाटली. म्हणजे आपल्या ‘जे पेराल ते उगवेल’ या वळणाची. इटलीतल्याच इतर अभ्यासकांना हे मान्य नाही, वाद चालू आहे. पण वाद आता ‘गौण वाक्य कोणत्या जातीचे’ हा आहे, ‘आहे की नाही’ हा राहिलेला नाही.

आपल्याकडे लहानपणी श्रवणशक्ती गमावलेले मदन वसिष्ठ आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी १९७७ पासून दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि बंगळूर इथल्या खुणा गोळा केल्या. शहराशहरांत फरक सापडले, तरी मूळ ठेवण एक आढळली. उलरिक झेशान यांचे भारत-पाकिस्तानच्या सांकेतिक भाषेचे वर्णन २००० मध्ये आले. मुंबईच्या अली यावर जंग संस्थेत २००१ पासून या भाषेचे रीतसर वर्ग सुरू झाले. २८ सप्टेंबर २०१५ रोजी, म्हणजे आमच्या बैलांचा घोटाळा झाला त्याच पावसाळ्यात, दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याचा १०,००० शब्दांचा कोश २०२१ मध्ये निघाला. काम मोलाचे आहेच. पण कोशातून शब्द मिळतो. ‘जर’ माणसाच्या तोंडावर पाहूनच शिकावा लागतो, तोही वेळेवर.

ही वेळ गेली तर काय होते, ते पॅट्रिक बुद्रो आणि रेचेल मेबरी यांच्या २००६ च्या अभ्यासात आहे. त्यांनी कर्णबधिर प्रौढांना सांकेतिक वाक्ये दाखवून शुद्ध-अशुद्ध ओळखायला सांगितले. काहींना ही भाषा जन्मापासून मिळालेली, काहींना ५ ते ७ व्या वर्षी, काहींना ८ ते १३ व्या वर्षी. जितका उशीर तितकी समज उणी, आणि पुढे कित्येक वर्षे वापरूनही ती भरून निघालेली नव्हती. संबंधी वाक्ये विशेष जड गेली. मेबरींच्याच २००२ च्या अभ्यासाने दुसरी बाजू दाखवली होती : लहानपणी सांकेतिक भाषा मिळालेल्यांना पुढे इंग्रजी चांगली जमली, कोणतीच भाषा न मिळालेले मागे पडले. खुणा शिकवल्या तर मूल बोलायचे नाही, ही आपल्याकडची भीती त्यामुळे उलटी ठरते.

ते वाचून मी पुस्तक मिटले, कारण दादा शाळेत गेला तो नवव्या वर्षी. तोवर आमच्या घरी त्याच्यासाठी घरगुती खुणा होत्या : जेव, झोप, ये, मार मिळेल. प्रेम भरपूर होते, वाक्य नव्हते. वहिनींचे आईवडीलही कर्णबधिर. त्या खुणांतच वाढल्या. मागच्या दिवाळीला दोघे बोलत बसलेले मी पाहिले. यावेळी चेहऱ्यांकडे पाहिले. ‘जर-तर’ला दादा कुठेच अडत नव्हता. पण वहिनींनी ज्या माणसाने, ज्याच्याकडून, जी म्हैस घेतली अशी लांब गोष्ट सुरू केली, की तो हात वर करून थांबवी. वहिनी न कुरकुरता तिचे तुकडे करून पुन्हा सांगत.

एवढी वर्षे मला वाटे, दादाला मुळातच कमी समजते. आत्यालाही तसेच वाटे. खरे तर त्याची ती नऊ वर्षे आमच्या घरात गेली.

यंदा शेजारच्या गल्लीतल्या एका तान्ह्या मुलीला ऐकू येत नाही असे निदान झाले. तिची आई मला विचारायला आली, ‘‘सर, मशीन बसवणार आहोत. पण तोवर खुणा केल्या तर चालतील का?’’ मी तिला वहिनींकडे घेऊन गेलो. वहिनींनी मुलीला मांडीवर घेतले, तिच्याकडे पाहिले आणि भुवया उचलल्या.